उघडलेल्या प्रत्येक अंड्याचा हिशेब

गाणाऱ्या पक्ष्यांची अंडी प्रयोगशाळेत उघडून आतल्या कोवळ्या भ्रूणाचे विच्छेदन करावे का, असे विचारले की बहुतेक जण दोनपैकी एका उत्तरावर येऊन थांबतात. जीव तो जीव, दोन दिवसांचा का असेना, त्याला हात लावू नये, हे एक. अंडे म्हणजे अजून पक्षी नव्हे, मग विचारायचेच कशाला, हे दुसरे. मला ही दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. हे संशोधन व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण कवच फुटेपर्यंत नैतिक प्रश्नच उद्भवत नाही, या ज्या गृहीतकाच्या आडोशाने ते चालते, ते गृहीतक मला मान्य नाही. अंडे उघडणाऱ्याला त्या अंड्याचा हिशेब द्यावा लागला पाहिजे, आणि त्या हिशेबात अंडे घालणारी मादीही धरली पाहिजे.

कायद्यांकडे पाहिले तर एकवाक्यता नाही. अमेरिकेत सरकारी निधीवर चालणाऱ्या आरोग्य-संशोधनाचे धोरण पक्ष्याला अंड्यातून बाहेर आल्यावरच प्राणी मानते. युरोपीय संघाचा 2010 चा निर्देश सस्तन प्राण्यांच्या गर्भाला शेवटच्या तृतीयांश काळात संरक्षण देतो, पक्ष्यांच्या भ्रूणाला मात्र देत नाही. ब्रिटनचा 1986 चा कायदा या बाबतीत पुढे आहे. उबवणीचा दोन-तृतीयांश काळ उलटला की पक्ष्याचा भ्रूणही त्याच्या कक्षेत येतो. एकच अंडे, एकच दिवस, आणि सीमा ओलांडली की त्याची कायदेशीर ओळख बदलते. यावरून एवढे नक्की कळते की ही रेघ निसर्गाने आखून दिलेली नाही, माणसांनी सोयीने आखली आहे, आणि ती पुन्हा आखता येते.

पण आधी मूळ शंका. कोंबडीच्या अंड्यावर भागत असताना झेब्रा फिंचसारख्या एवढ्याशा गाणाऱ्या पक्ष्याच्या मागे का लागायचे? शंका रास्त आहे. अ‍ॅरिस्टॉटलने कोंबडीची अंडी दिवसागणिक फोडून आतली वाढ टिपून ठेवली होती. 1951 मध्ये हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या 46 अवस्था निश्चित केल्या, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळा त्याच क्रमांकांत बोलतात. कोंबडीचे अंडे मोठे, स्वस्त, बारमाही मिळणारे. हृदय कसे घडते, पाठीचा कणा कसा आकाराला येतो, पंखाचा अंकुर कुठून फुटतो, हे विचारायचे असेल तर कोंबडी पुरते, आणि तिथे फिंचचे अंडे उघडणे मला गैर वाटते.

काही प्रश्न मात्र कोंबडीला विचारताच येत नाहीत. कोंबडा आरवतो, पण आरवणे तो कुणाकडून शिकत नाही. झेब्रा फिंचचा नर आपले गाणे मोठ्या नराकडून ऐकून, चुकत-माकत, घोकून शिकतो. ऐकून आवाज शिकणारे पक्षीगट मोजके आहेत: गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड. 1976 मध्ये नॉटेबोम आणि अरनॉल्ड यांनी दाखवले की गाण्याचे काम पाहणारी मेंदूतली केंद्रे नरात मोठी आणि मादीत लहान असतात. झेब्रा फिंचची मादी गातच नाही. हा फरक येतो कुठून? बरीच वर्षे उत्तर होते, संप्रेरकांमुळे. मग 2003 मध्ये एका विलक्षण झेब्रा फिंचचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उजवी बाजू नराची, डावी मादीची, पिसांपासून थेट मेंदूपर्यंत. दोन्ही बाजूंना रक्त एकच, संप्रेरके तीच. तरीही गाण्याचे केंद्र उजवीकडे अधिक नरासारखे वाढलेले होते. म्हणजे फरकाचा निदान काही भाग पेशींच्या स्वतःच्या जनुकांतून येतो, आणि त्याची सुरुवात शोधायची तर पिल्लाच्या फार मागे, भ्रूणापर्यंत जावे लागते.

दुसरी गोष्ट याहून चक्रावून टाकणारी. 1998 मध्ये झेब्रा फिंचच्या जननपेशींत एक जास्तीचे गुणसूत्र सापडले. ते त्या पक्ष्याचे सर्वांत मोठे गुणसूत्र आहे, पण स्नायूंत, यकृतात, मेंदूत, रक्तात ते नसतेच. भ्रूण अगदी प्राथमिक अवस्थेत असताना शरीराच्या पेशी ते टाकून देतात, फक्त पुढे अंडी आणि शुक्राणू होणाऱ्या पेशी ते जपतात. नर तर शुक्राणू तयार करतानाही ते बाहेर काढतो, त्यामुळे ते मुख्यतः आईकडून पुढे जाते. 2019 मध्ये कळले की तपासलेल्या सगळ्याच गाणाऱ्या पक्ष्यांत असे गुणसूत्र आहे. पक्ष्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती या गटात मोडतात. एवढ्या मोठ्या गटातला प्रत्येक जीव आयुष्याच्या पहिल्याच टप्प्यात आपल्या पेशींतला एक मोठा ठेवा काढून टाकतो, आणि पेशीला कसे कळते की मी ठेवायचे की टाकायचे, हे अजून उलगडलेले नाही. कोंबडीत हे गुणसूत्र नाही. प्रौढ फिंचच्या शरीरात ही घटना कधीच होऊन गेलेली असते. ती पाहायची तर ती घडत असतानाच पाहावी लागेल, आणि ती घडते सुरुवातीच्या भ्रूणात. जननपेशी बशीत वाढवण्याचे तंत्र आता झेब्रा फिंचसाठीही विकसित झाले आहे, त्याचा जमेल तेवढा वापर व्हावाच. पण शरीराच्या आणि जननाच्या पेशी एकमेकींपासून वेगळ्या कशा होतात, हे कळायला दोन्ही एकत्र असलेला भ्रूण हवा.

प्रत्यक्ष काम कसे चालते हे माहीत नसले की वाद हवेत होतो, म्हणून ते थोडे जवळून सांगतो. ताजे अंडे जेमतेम 1 ग्रॅमचे, पांढरे, कवच इतके पातळ की दिव्यासमोर धरले की आतून उजळून निघते. घरट्यातून काढताना त्यावर पेन्सिलीने जोडीचा क्रमांक आणि तारीख लिहितात, तीही टोक न दाबता. मग सुमारे साडेसदतीस अंश सेल्सियसला, दमट हवेत, अधूनमधून फिरवत हवे तितके तास उबवतात. उघडताना अंडे क्षारद्रावणाच्या बशीवर धरून बारीक चिमट्याने कवच तुकड्या-तुकड्याने काढायचे आणि बलक अलगद द्रावणात सोडायचा. भ्रूण म्हणजे बलकाच्या माथ्यावरची काही मिलिमीटरची पांढुरकी चकती. तिच्याभोवती गाळणकागदाची कडी टेकवायची, कडीच्या बाहेरून सूक्ष्म कात्री फिरवायची आणि पडद्यासकट कडी उचलायची. कोंबडीच्या अंड्यात हे थोड्या सरावाने साधते. फिंचचा पडदा दुधावरच्या कोवळ्या सायीसारखा, जरा ओढ बसली की फाटतो, सगळे द्रावण पिवळे गढूळ होते आणि चकती त्यात हरवते. सुखरूप निघालाच तर भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ धुऊन 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये, म्हणजे ऊती जशाच्या तशा टिकवणाऱ्या द्रावणात, ठेवतात. तिथून पुढे त्याचे काप, रंजन, जनुकांचा शोध.

दोन-तीन दिवस उबवलेल्या अंड्यात आणखी एक गोष्ट दिसते: हलणारे हृदय. लाल ठिपका लयीत आकसतो आणि फुलतो. ते पाहिल्यावर हात थबकतो, आणि थबकावाच. ज्याचा थबकत नाही त्याच्या हाती हे काम देऊ नये असे मला मनापासून वाटते. तरीही थबकणे हा पुरावा नव्हे. हृदयनलिका मेंदूच्या आज्ञेवर धडधडत नाही. ती भ्रूणातून वेगळी काढून द्रावणात ठेवली तरी काही काळ धडधडत राहते. त्या वेळी मेंदू म्हणजे फुगत चाललेली पोकळ नळी असते. वेदना पोचवणारे तंतू आणि ती जाणवून घेणारी जोडणी अजून तयारच झालेली नसते. चेतापेशींचे जाळे नसताना वेदनेचा अनुभव कुठे घडेल? पहिल्या काही दिवसांच्या भ्रूणाला दुखते, असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

रेघ कुठे ओढायची हा खरा अवघड भाग. जर्मनीचा अनुभव इथे उपयोगी आहे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या व्यवसायात नर पिल्ले जन्मताच मारली जात. ते तिथे 2022 पासून बंद झाले. त्याऐवजी अंड्यातच नर-मादी ओळखून नर अंडी बाद करायची, आणि 2024 पासून तीही उबवणीच्या सहाव्या दिवसानंतर बाद करायची नाहीत, असे ठरले होते. पुढे तेराव्या दिवसाआधी भ्रूणाच्या मेंदूत विद्युत-हालचाल आढळत नाही असे संशोधनातून दिसले, आणि 2023 मध्ये मर्यादा बाराव्या दिवसापर्यंत सरकवली गेली. पुराव्यानुसार कायदा बदलला, हे मला योग्य वाटते. उद्या उलट पुरावा आला तर तो मागेही यावा.

हाच आकडा उचलून फिंचला चिकटवणे मात्र चूक. कोंबडीचे पिल्लू 21 दिवसांनी अंगभर लव घेऊन, डोळे उघडे ठेवून बाहेर येते आणि काही तासांत दाणे टिपते. झेब्रा फिंचचे पिल्लू 12 ते 14 दिवसांत बाहेर येते ते डोळे मिटलेले, जवळजवळ उघडेबोडके, मान सावरायलाही असमर्थ. त्याच्या मेंदूची बरीचशी जडणघडण घरट्यात होते. उबवणीचा दोन-तृतीयांश काळ दोघांच्या बाबतीत एकाच टप्प्यावर नेऊन सोडत नाही. दिवस मोजण्यातही घोळ आहे. जोडी पहिले अंडे पडताच नेटाने उबवायला बसतेच असे नाही, त्यामुळे घरट्यातले ‘तीन दिवसांचे’ अंडे एका ठिकाणी पुढे गेलेले असते, दुसऱ्या ठिकाणी मागे. 2013 मध्ये झेब्रा फिंचच्या भ्रूणावस्थांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले आहे. परवानगी त्या अवस्थांच्या भाषेत मागावी आणि द्यावी. पाठीच्या खंडांच्या जोड्या किती, पंखांचे अंकुर कुठवर आले, डोळ्यांत रंग भरला का, हे दिसते, मोजता येते, आणि त्यात पळवाट राहत नाही.

पिल्लू मिटल्या डोळ्यांनी जन्मते म्हणून जन्मापर्यंत सगळे माफ, असेही कुणी समजू नये. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की हवा तापली की झेब्रा फिंचचे आईबाप अंड्यांजवळ एक खास साद घालतात, आणि उबवणीच्या शेवटच्या दिवसांत ती ऐकलेली पिल्ले उष्ण घरट्यात वेगळ्या गतीने वाढतात. ऑस्ट्रेलियातल्या फेअरी-रेन या छोट्या पक्ष्यांत तर आई अंड्यांना साद ऐकवते आणि पिल्ले बाहेर येऊन तिच्याशी जुळणाऱ्या आवाजात खाऊ मागतात, हे 2012 पासून माहीत आहे. अंड्यात बसून जो ऐकतो आणि ऐकलेले लक्षात ठेवतो, त्याला ‘अजून प्राणी नाही’ म्हणणे विज्ञानाला धरून नाही. म्हणून उशिराच्या भ्रूणाला पिल्लासारखेच वागवावे, भूल आणि वेदनारहित मरण यांचे नियम तसेच लावावेत. सुरुवातीच्या अवस्थांना मोकळीक द्यायची तर शेवटच्या अवस्थांबद्दल कडक राहावेच लागेल; दोन्ही मागण्या मी एकाच दमात करतो आहे, कारण त्यांच्यामागचे कारण एकच आहे.

आता ज्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तो. भ्रूणाविषयी आपण इतके तावातावाने भांडतो, पण ज्या जिवाला नक्की जाणवते, नक्की सोसावे लागते, त्याचे नाव चर्चेत येत नाही. ती म्हणजे पिंजऱ्यातली मादी. झेब्रा फिंचचे वजन साधारण 12 ते 15 ग्रॅम. रोज एक याप्रमाणे तिने पाच अंडी घातली तर आठवड्याभरात स्वतःच्या वजनाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास ऐवज तिने शरीराबाहेर टाकला. तो हवेतून येत नाही. अंड्यासाठी लागणारी प्रथिने ती काही अंशी छातीच्या उड्डाण-स्नायूंतून काढते, आणि अंडी घातल्यावर तिची झेप मंदावते, हे याच जातीत मोजले गेले आहे. कवचाला कॅल्शियम लागते ते वेगळेच. सुरुवातीचे भ्रूण हवे म्हणून रोज सकाळी अंडे उचलले, की घरटे रिकामेच राहते आणि ती घालत राहते. उबवायला बसली असती, पिल्ले झाली असती तर जी विश्रांती आपोआप मिळाली असती, ती आपण काढून घेतो. नरही उबवण्यात बरोबरीने वाटा उचलतो; जोडी टिकाऊ असते. रिकाम्या घरट्यात पुन्हा पुन्हा गवत भरणारी जोडी पाहिली की प्रयोगाचा भार कुणाच्या अंगावर पडतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. उचललेल्या अंड्याच्या जागी कृत्रिम अंडे ठेवले की मादीला घरटे भरल्याचे वाटते, ती घालणे थांबवून उबवायला बसते. एका जोडीकडून वर्षाला किती वेळा अंडी घ्यायची याला मर्यादा हवी, मधे जोडी वेगळी ठेवून विश्रांती हवी, आणि काही वेळा तिला पिल्ले वाढवूही द्यावीत. माद्यांचे वजन नियमित नोंदवावे आणि ठराविक मर्यादेखाली गेले की त्या जोडीला कामातून काढावे. भ्रूण कायद्याच्या कक्षेत येत नाही म्हणून भ्रूणाचा प्रयोग ‘प्राण्यांविना’ झाला, असे कुठे लिहिले जात असेल तर ते साफ खोटे आहे. त्या प्रयोगात प्राणी आहे. तो फक्त सूक्ष्मदर्शकाखाली नाही.

मग येते नासाडी. अगदी सुरुवातीचे अंडे दिव्यासमोर धरून फळले आहे की नाही हे कळत नाही. रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागायला काही दिवस जातात. त्यामुळे उघडलेल्या अंड्यांत काही वांझ निघतात, काही हाताळताना फुटतात. लिंग तर डोळ्यांनी कळणारच नाही, पेशींचा नमुना घेऊन डीएनए तपासावा लागतो. एखाद्याला फक्त नर भ्रूण हवे असतील तर जवळपास निम्मे भ्रूण त्याच्या कामाचे नाहीत. ते फेकले का जावेत? शेजारच्या गटाला मादी भ्रूण हवे असू शकतात, तिसऱ्याला उरलेल्या ऊती. एका भ्रूणाच्या कापांवरून अनेक जनुकांची चित्रे घेता येतात, आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली की तोच प्रश्न विचारायला दुसऱ्याने पुन्हा अंडी उघडायची गरज उरत नाही.

अंडी गोळा केली आणि प्रश्न शिळा झाला, असे घडलेले आहे. 1911 च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात विल्सन, बाउअर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे जिवावर उदार होऊन एम्परर पेंग्विनची अंडी आणायला गेले. पाच उचलली, तीन शाबूत राहिली. भ्रूण आपल्या वाढीत वंशाचा सगळा इतिहास पुन्हा जगून दाखवतो, या तेव्हाच्या कल्पनेतून त्या भ्रूणांत पक्ष्यांचे मूळ सापडेल अशी आशा होती. तपासणीचा अहवाल 1934 मध्ये आला तेव्हा ती कल्पना मागे पडली होती, आणि भ्रूणांनी ज्ञानात विशेष भर घातली नाही असाच निष्कर्ष निघाला. त्या माणसांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण आधी नमुने जमवू, प्रश्न मागाहून पाहू, ही वृत्ती आजही शीतपेट्यांतल्या विसरलेल्या बाटल्यांत दिसते, आणि तिला माफी नसावी.

याउलट चांगले उदाहरणही आहे. गॅलापागोस बेटांवरच्या फिंचच्या चोची वेगवेगळ्या का, याचा शोध घेणाऱ्यांनी त्यांच्या भ्रूणांत जनुके कुठे आणि किती सक्रिय आहेत ते पाहिले. 2004 मध्ये चोचीच्या जाडीशी एका प्रथिनाचा संबंध दाखवला, 2006 मध्ये लांबीशी कॅल्मोड्युलिन या दुसऱ्या प्रथिनाचा. त्यानंतरची पडताळणी, म्हणजे ते प्रथिन वाढवले तर चोच खरोखर बदलते का, ही त्यांनी कोंबडीच्या भ्रूणात केली. दुर्मीळ पक्ष्याला फक्त तेवढेच विचारले जे त्यालाच ठाऊक होते. रानातल्या घरट्यांना हात लावायचाच झाला तर हा कित्ता गिरवावा.

हेच सरावाला लागू. विद्यार्थ्याचा हात बसेपर्यंत अंडी फुटणारच. ती कोंबडीची फुटावीत. गाळणकागदाची कडी, पडदा सोडवणे, भ्रूण धुणे हे सगळे तिच्यावर शिकता येते, आणि ते नीट जमल्यावरच फिंचचे अंडे हाती द्यावे. केवळ प्रात्यक्षिक दाखवायला गाणाऱ्या पक्ष्याचा भ्रूण वापरण्याचे तर काहीच कारण नाही.

या कामाचे समर्थन करताना काही जण म्हणतात, लोक रोज कोट्यवधी अंडी खातात, त्यात आमची शंभर कुठली. या युक्तिवादाने आपलीच बाजू लंगडी होते. खायची बहुतेक अंडी फळलेलीच नसतात, त्यांत भ्रूण नसतो. आणि दुसरीकडे काय चालते यावरून आपले काम योग्य ठरत नाही. ते योग्य ठरायचे तर प्रश्न मोलाचा आहे, दुसऱ्या मार्गाने सुटत नाही, आणि लागली तेवढीच अंडी घेतली, एवढे दाखवता आले पाहिजे. पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा, ही तीन सूत्रे रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडली. प्रयोगातल्या उंदरांना ती लागतात. अंड्यांना आणि ती घालणाऱ्या मादीला का लागू नयेत, याचे पटेल असे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

संशोधकांची तक्रार मला ठाऊक आहे: आधीच कागदपत्रांनी जीव मेटाकुटीला येतो, त्यात ही भर. पण यातले जवळजवळ सगळे वहीत आधीपासून लिहिलेले असते. कोणत्या जोडीचे अंडे, कोणत्या तारखेचे, किती तास उबवले, फळले होते का, कोणत्या अवस्थेचा भ्रूण निघाला, फुटले तर कुठे फुटले, याची नोंद ठेवल्याशिवाय हे काम चालतच नाही. शोधनिबंधात मात्र बहुधा निष्कर्षासाठी वापरलेल्या भ्रूणांचाच आकडा येतो. त्याच्या शेजारी आणखी चार आकडे छापावेत: उघडलेली अंडी, वाया गेलेली अंडी, जोड्यांची संख्या, आणि प्रत्येक जोडीकडून किती वेळा अंडी घेतली. निधी देणाऱ्यांनी आणि नियतकालिकांनी ते मागावेत, आणि पुढच्या अर्जाचा निर्णय घेताना समोर ठेवावेत.